कर्जाचा इतिहास विचारा : जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर यांस,



हे पत्र आपल्या कचेरीच्या आवक विभागात न देता मी सर्वांसमक्ष लिहीत आहे. ज्या विषयासंबंधी लिहावयाचे तो शहराच्या आमच्या सावेडी उपनगरात दाराआड आणि हलक्या आवाजात बोलला जातो, आणि जोवर तो दाराआड आहे तोवर त्यावर कोणत्याही अधिकाऱ्याचा, संस्थेचा किंवा कायद्याचा उपाय चालावयाचा नाही, अशी माझी खात्री झाली आहे. विषय कुटुंबाच्या कर्जाचा आहे. शेतकऱ्याच्या कर्जाविषयी या जिल्ह्यात दीडशे वर्षे बोलले आणि लिहिले गेले. त्यापायी चौकशीसाठी आयोग बसले, कायदे झाले, पतपेढ्या निघाल्या, माफीच्या घोषणा झाल्या. परंतु प्रेमदान चौकापासून भिस्तबागेपर्यंत आणि गुलमोहर रस्त्यापासून पाइपलाइन रस्त्यापर्यंत जी असंख्य बिऱ्हाडे गेल्या काही दशकांत वसली, ज्यांत नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार आहेत, खासगी शाळांतील शिक्षक आहेत, दवाखान्यांतील परिचारिका आहेत, छोटे दुकानदार आणि रिक्षावाले आहेत, त्यांच्या डोक्यावरील कर्जाची एकत्र नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. आणि बहुतेक घरांत ती घरच्या वहीतही नाही. या दुसऱ्या गोष्टीचे मला पहिलीपेक्षा अधिक दुःख वाटते.

आपण ज्या खुर्चीवर बसला आहात तिचा या विषयाशी संबंध जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला चढा भाव आला, सावकाराने हात सैल सोडला, आणि युद्ध संपून भाव कोसळल्यावर तोच हात आवळला गेला. त्यात जमाबंदीच्या फेरआकारणीने शेतसाऱ्याचे ओझे वाढले. आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उद्रेक झाला त्याचे लोण पाहता पाहता आपल्या जिल्ह्यात येऊन पोहोचले व श्रीगोंदे, पारनेर या बाजूच्या गावांतून पसरले. त्या दंग्यांतील जी गोष्ट मला सर्वांत विचारणीय वाटते ती अशी की, लोकांनी सावकाराच्या जिवावर उठण्यापेक्षा त्याच्या दप्तरावर झडप घातली. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे त्यांनी मागून घेतले आणि जाळले, आणि जेथे ते निमूटपणे हवाली केले गेले तेथे बहुधा कोणाच्या अंगाला हात लागला नाही. आपण काय लिहून दिले आहे हे ज्याला स्वतःला वाचता येत नाही, त्याला त्या कागदाचे भय किती वाटत असेल याची कल्पना या एका गोष्टीवरून येते.

पुढे चौकशी-आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला, तेव्हाचा अहमदनगर, हे चार जिल्हे त्याचे क्षेत्र होते, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी आपल्या नोकरीचा मोठा काळ याच कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्यात, या चार जिल्ह्यांत फिरतीवर राहून, घालवला. या कायद्यावर टीका पुष्कळ झाली व ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु कर्ज या वस्तूकडे कसे पाहावे याची जी दृष्टी त्यात होती ती मला आजही अत्यंत शहाणपणाची वाटते. त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले की, पुढे आलेल्या रोख्यावरील आकडा अखेरचा मानू नका. त्याच्या मागे जा, व्यवहार प्रथम केव्हा व कशासाठी झाला, हातात रोख किती पडली, आजवर परत किती गेले, जुने व्याज नव्या मुद्दलात किती वेळा मिसळले, याचा आरंभापासून शोध घ्या आणि मग हिशेब मांडा. कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर, त्यातील मजकूर समजावून देऊन, व्हावा; सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यावा; दाव्याला जाण्यापूर्वी उभयपक्षी सलोखा घडवून आणण्यासाठी नेमलेल्या गृहस्थापुढे दोघांनी बसावे; आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक होऊ नये, अशा तजविजी त्यात होत्या. कर्जदाराचे कर्ज नाहीसे करण्याचा तो कायदा नव्हता. कर्ज उजेडात आणण्याचा तो कायदा होता.

कर्ज नाहीसे करणारे कायदेही पुढे झाले. दंग्यांना शंभर वर्षे पुरी झाली त्याच १९७५ साली महाराष्ट्राने केलेल्या कर्जनिवारण कायद्याने अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांच्याबरोबर मर्यादित उत्पन्नाच्या कामगारांनाही सावकारी कर्जातून मोकळे केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने, तो कायदा वैध ठरवला. अशा माफीविषयी माझ्या मनात किंतु नाही. बुडत्याला प्रथम बाहेर काढावे, पोहणे मागाहून शिकवावे. परंतु ज्या लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली, आणि ज्यांच्या हातून पुढे धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या साहाय्याने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० मध्ये सुरू झाला, त्यांनी आरंभ केला तो वहीपासून: कोणी किती उचलले, कशासाठी उचलले, केव्हा फेडणार, हे चारचौघांच्या देखत लिहिण्यापासून. एवढा वारसा ज्या जिल्ह्याचा, त्याच्या मुख्य शहराच्या उपनगरात आज माणसे आपले कर्ज आपल्याच घरातील माणसांपासून लपवून ठेवतात.

मी निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांचे जमाखर्च मांडून देत असतो. त्यांतील कोणतेही घर ओळखू येऊ नये अशा बेताने आकडे बदलून एक नमुना आपल्यापुढे ठेवतो. नवरा कारखान्यात कंत्राटी कामाला, हातात पडणारा पगार १९,००० रुपये. बायको घरी शिवणकाम करते, त्याचे सरासरी ६,०००. म्हणजे घरात महिन्याला २५,००० येतात. भाडे ५,५०० रुपये. मोटारसायकलीचा हप्ता २,९००. मोबाइल आणि कपडे धुण्याचे यंत्र यांचा मिळून १,८००. बायकोच्या नावे दोन कंपन्यांची महिला गटातील कर्जे, त्यांचे २,३०० आणि २,१००. सोन्याच्या दागिन्यावर काढलेल्या ६०,००० चे व्याज, वर्षाला बारा टक्क्यांनी, महिन्याला ६०० पडते. आणि यांखेरीज एका खासगी माणसाकडून 'पाच टक्क्यांनी' घेतलेले ६०,०००, ज्याचे महिन्याचे नुसते व्याज ३,०००. एकूण १२,७००. भाडे वजा जाता चार माणसांच्या खाण्यापिण्याला, शाळेला, दवापाण्याला, पेट्रोलला आणि विजेला ६,८०० रुपये उरतात. महिन्याच्या पंधरा तारखेनंतर किराणा दुकानात उधारी मांडली जाते, तीही एक कर्जच. पण तिला त्या घरात कोणी कर्ज म्हणत नाही.

हे सारे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत होते, आणि ती पिशवी कपाटाच्या वर, माळ्याकडे सरकवलेली होती. आम्ही ते सतरंजीवर एकेक करून मांडले. दागिन्याची पावती निघाली, गटाची दोन कार्डे निघाली, एका बाजूला सहीचा आणि दुसऱ्या बाजूला रकमेचा रकाना असलेली. शेवटी बँकेचे धनादेश पुस्तक निघाले. त्यातील तीन पाने गेलेली होती आणि तिन्हींच्या स्थळप्रती कोऱ्या होत्या. ते तीन धनादेश, रक्कम व तारीख न लिहिता, नुसती सही करून खासगी सावकाराला तारण म्हणून दिलेले आहेत, ही गोष्ट त्या बाईला त्या दिवशी प्रथम कळली. ती काही बोलली नाही. तिने स्वयंपाकघरातून वही आणली, आणि आम्ही १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जे करावयास सांगितले होते ते करावयास बसलो.

प्रत्येक कर्जाला एकच प्रश्न विचारावयाचा: तू केव्हा आणि कशासाठी आलेस? उत्तरे आली ती अशी. सावकाराचे ६०,००० वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेले. दागिना गहाण पडला तो, मध्ये दोन महिने काम बंद असताना सावकाराचे व्याज थकू नये आणि घर चालावे म्हणून. गटाचे पहिले कर्ज शिवणयंत्रासाठी घेतले असे कागदावर होते. प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम शाळेच्या शुल्कात आणि त्याच व्याजात गेली. दुसऱ्या कंपनीचे कर्ज पहिल्या कंपनीचे हप्ते भरण्यासाठी. एवढे उलगडल्यावर असे दिसले की, मोटारसायकल, मोबाइल आणि धुण्याचे यंत्र सोडले तर त्या घरातील बाकीची बहुतेक कर्जे एका आजारपणाच्या कर्जापासून आणि त्याच्या व्याजापासून जन्माला आलेली होती. साठ हजारांवर महिन्याला तीन हजार म्हणजे वर्षाला साठ टक्के. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज देऊन होते आणि मुद्दल जेथल्या तेथे राहते. या घराने त्याहून अधिक महिने व्याज भरले होते. हातात पावती एकही नव्हती.

जी शस्त्रक्रिया या सर्वाच्या मुळाशी होती तिच्याविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा राज्य सरकारने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवली आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचे ठरवले. योजनेच्या यादीत आपला आजार आहे की नाही, आणि शहरातील कोणत्या रुग्णालयांत तिचा लाभ मिळतो, हे विचारण्याआधीच घरचा माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन उभा राहतो. कारण सावकाराचे घर त्याला ठाऊक आहे आणि योजनेचा मदतनीस कोठे बसतो ते ठाऊक नाही.

आता या घराला कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने पाहा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत असा दंडक आहे. आपले नमुन्याचे घर नेमके त्या ३ लाखांच्या उंबरठ्यावर आहे. निम्मे म्हणजे १२,५००, आणि देणे १२,७००. नियमाप्रमाणे दुसरे कर्ज मिळावयास नको होते. पण खासगी सावकाराचे ३,००० कोणत्याही पतनोंदणी संस्थेच्या यादीत नाहीत. ते वगळले की आकडा ९,७०० दिसतो आणि कंपनीच्या माणसाला वाटते की या घरात अजून जागा आहे. एका अंधारातल्या कर्जाने उजेडातले नियमही निष्फळ केले. म्हणूनच मी म्हणतो की, या उपनगराच्या कर्जप्रश्नाचे मूळ व्याजाच्या दरापेक्षाही त्या लपवणुकीत आहे.

या खासगी सावकारीवर कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा परवान्यावाचून हा धंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करतो. परवानाधारकालाही त्याने हिशेब ठेवावयास, पावती द्यावयास बांधले आहे, आणि शासनाने ठरवलेले दर शेतकरी नसलेल्या कर्जदारासाठी तारणी कर्जास वर्षाला १५ आणि बिनतारणी कर्जास १८ टक्के असे आहेत. कोठे वर्षाचे अठरा, आणि कोठे महिन्याचे पाच! पण आमच्याकडे 'टक्का' म्हटला की तो महिन्याचा, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला इतके अंगवळणी पडले आहे की, त्याला बाराने गुणून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते हे फार थोड्यांना माहीत आहे. आणि ज्यांना माहीत आहे त्यांना त्या तीन कोऱ्या धनादेशांचे भय आहे, कारण धनादेश न वटल्याचा खटला आपल्यावरच उलटेल असे त्यांना वाटते.

उजेडातल्या कर्जातही अंधार असतो, त्याचे एक उदाहरण देऊन पुढे जातो. गाडीच्या दुकानात 'बारा टक्के' म्हणून सांगितले जाते ते पुष्कळदा संपूर्ण मूळ रकमेवर संपूर्ण मुदतीसाठी धरलेले असते. एक लाख रुपये, तीन वर्षे, बारा टक्क्यांनी ३६,००० व्याज, एकूण १,३६,००० भागिले ३६, हप्ता ३,७७८ रुपये. परंतु आपण मुद्दल दरमहा थोडे थोडे परत करीत असतो. शेवटच्या वर्षी लाखावर नव्हे तर उरलेल्या थोड्या रकमेवरच व्याज लागावयास हवे. त्या रीतीने मोजले तर हाच हप्ता वर्षाला सव्वाएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जदाराला, त्याला समजणाऱ्या भाषेत, सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक केले आहे. हे पत्रक मराठीत मागा, ते हाती आल्यावाचून सही करू नका, असे मी भेटेल त्याला सांगतो. आणि सांगतो तेव्हा गावच्या निबंधकासमोर मजकूर समजावून दस्त करावा असे म्हणणारा तो जुना कायदाच आठवतो.

सावेडीतील छोट्या दुकानदारांना मला निराळे सांगावयाचे आहे, आणि ते सांगताना ज्या पुण्यश्लोक स्त्रीचे नाव आपल्या शहराला दिले गेले तिचा दाखला देतो. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा हिशेब वेगळा. खासगीची जहागीर मूळ अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई यांच्या नावे झाली आणि तिचे उत्पन्न घराण्यातील स्त्रियांच्या हाती राहिले. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जी घाटांची, मंदिरांची, अन्नछत्रांची कामे केली त्यांचा मोठा खर्च या खासगीतून केला, दौलतीच्या खजिन्याला त्याची झळ लागू दिली नाही. आमचा दुकानदार गल्ल्यातून भाजी आणतो, मुलाची शिकवणी भरतो, घरच्या लग्नाचा आहेर करतो, आणि मग घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकले की व्यापार मंद आहे म्हणतो. त्याने स्वतःला ठराविक पगार लावून घ्यावा आणि घर त्या पगारात चालवावे. दुकान बुडते आहे की घर बुडते आहे, हे एवढ्याने त्याला तीन महिन्यांत समजेल.

मूळ घराकडे परत येतो. कर्ज फेडण्याचा क्रम कोणता, याविषयी दोन मते आहेत. लहान कर्ज आधी मिटवावे म्हणजे मनाला उभारी येते असे काही जण म्हणतात. मला व्याज सर्वांत जड असेल ते आधी, हाच क्रम योग्य वाटतो, आणि त्यातही ज्याला पावती नाही ते सर्वांच्या आधी. त्या घरचा दागिना गहाण असताना सोन्याचा भाव बराच चढला होता. समजा, दागिना आज १,४०,००० चा भरतो. तो सोडवून मोडला तर गहाणाचे ६०,००० फिटतात, सावकाराचे ६०,००० फिटतात, आणि उरलेल्या २०,००० त मोबाइल व यंत्राची शिल्लक भागते. महिन्याच्या देण्यातून ६००, ३,००० आणि १,८०० असे एकूण ५,४०० एकदम कमी होतात आणि १२,७०० चे ७,३०० होतात. आकडेमोड इतकी सरळ आहे. कठीण होते ते निराळेच, कारण दागिना त्या बाईच्या माहेरचा होता. ते स्त्रीधन आहे, त्यावर नवऱ्याचा किंवा सासरचा हक्क नाही, आणि या बाबतीत सल्ला देणाऱ्याने आपली पायरी ओळखावी असे माझे ठाम मत आहे. मी तिला एवढेच सांगितले की निर्णय तुमचा, परंतु घेतलात तर अट घाला की यापुढे या घरात तुमच्या सहीवाचून एकही कर्ज होणार नाही, आणि सावकाराला पैसे देताना ते खात्यातूनच द्यावे, त्याच वेळी तीन धनादेश परत घ्यावे आणि पूर्ण फेड झाल्याचे दोन साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे. तिने विचार करावयास आठ दिवस मागितले. नवव्या दिवशी दोघे मिळून सराफाकडे गेली.

महिला गटांविषयी आणि भिशीविषयी पुष्कळ लिहिता येईल. थोडक्यात मत देतो. दरमहा शंभर-दोनशे रुपये टाकून आपल्याच बायकांना अंतर्गत कर्ज देणारा बचत गट ही या काळातील फार मोलाची संस्था आहे. कंपनीने बाहेरून पैसा देण्यासाठी जमवलेला गट ही वेगळी वस्तू आहे, दोन्हींना गट म्हणतात म्हणून त्यांची गल्लत करू नये. ओळखीच्या दहा-बारा बायकांची साधी भिशी बचतीची सवय लावते. बोली लावून उचलायची मोठी भिशी मात्र व्याजाचाच दुसरा प्रकार, तिच्या वाटेला जाऊ नये. तरुण मुलांनी मोबाइलवरून घेतलेल्या कर्जांत तर धनको कोण याचाच पत्ता नसतो. कर्ज देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था कोणती हे ज्या अ‍ॅपच्या पडद्यावर स्पष्ट दिसत नाही, किंवा जे आपल्या फोनमधील नावांची यादी मागतो, त्याच्या दारी उभे राहू नये.

आपल्याच नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव दर पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, विहिरींत किती साठले, माणसांना आणि गुरांना वर्षभर किती लागेल हे आधी वजा टाकून, उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत सर्वांसमोर ठरते. पाऊस कमी तर पीक कमी पाण्याचे. कोणाच्या प्रतिष्ठेसाठी ऊस लावला जात नाही. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने जे पाण्याचे केले ते घराने पैशाचे करावे, एवढेच माझे म्हणणे आहे. पगाराच्या दिवशी सारे घर बसावे, मोठी मुलेसुद्धा. भाडे, धान्य, शाळा आणि औषध आधी बाजूला काढावे, मग हप्ते, आणि मग उरेल त्यात काय पेरावयाचे ते ठरवावे. ज्या मुलाला घरची मिळकत ठाऊक आहे तो महागड्या मोबाइलसाठी हट्ट धरीत नाही, असा माझा अनुभव आहे. आपण मुलांना गरिबी कळू नये म्हणून धडपडतो आणि त्यापायी त्यांना हिशेबही कळू देत नाही.

कर्ज फिटू लागले की हातात थोडे उरते, आणि ते कोठे ठेवावे हा प्रश्न या शहराला फार जिव्हाळ्याचा आहे. १९१० पासून चालत आलेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा आपल्या शहरातील कित्येक घरांनी ठेव विमा म्हणजे काय हे प्रथम विचारले. बँकेतील ठेवीला, प्रत्येक ठेवीदारामागे, ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. पतसंस्थांत चांगली माणसे नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु ज्या घराची सारी शिल्लक एका आजारपणापुरती आहे त्याने एक-दोन टक्के अधिक व्याजाच्या मोहाने ती विमा नसलेल्या जागी ठेवू नये. टपाल खात्याचे आवर्ती खाते त्याला पुरेसे आहे. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी जमेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही गुंतवणुकीचा विचारही करू नये. पुढच्या आजारपणात माणूस सावकाराकडे जाणार की नाही, हे त्या रकमेवर ठरावयाचे आहे.

आता आपल्याकडे जे मागावयाचे ते मागतो. जिल्ह्यातील बँकांच्या जिल्हास्तरीय सल्लागार समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे. अग्रणी बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्राचा समुपदेशक आहे, जिल्हा उपनिबंधकांचे कर्मचारी आहेत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, ज्याच्याकडून स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. ही सर्व माणसे आपापल्या कचेरीत बसतात, आणि कर्जाने गांजलेला माणूस यांपैकी एकाही कचेरीची पायरी चढत नाही. चढला तर एकीकडून दुसरीकडे पाठवला जातो, दिवसाची मजुरी बुडवून घरी परततो आणि पुन्हा जात नाही. यांना आठवड्यातून एक संध्याकाळ, पाळी सुटल्यानंतरच्या वेळी, महापालिकेच्या सावेडीतील कार्यालयात एका टेबलाभोवती एकत्र बसवावे. तेथे कोणी कर्ज देऊ नये, कोणी योजनेचे भाषण करू नये. येणाऱ्याची पिशवी उघडावी, कागद मांडावे, प्रत्येक कर्जाचा इतिहास विचारावा आणि एका पानावर हिशेब लिहून द्यावा. जेथे सावकारी बेकायदा आहे तेथे तक्रार तेथेच नोंदवून घ्यावी, आणि कोऱ्या धनादेशांसंबंधी काय करावे हे वकिलाने सांगावे. जेथे संस्थेशी तडजोड शक्य आहे तेथे लोक अदालतीपूर्वीच उभय पक्षांना समोरासमोर बसवावे. १८७९ साली परक्या सरकारला जे सुचले ते आपल्याला आज अशक्य असण्याचे कारण नाही.

त्याबरोबर दोन लहान कामे आहेत. परवानाधारक सावकारांची यादी आणि कायद्याने ठरवलेले वार्षिक दर प्रत्येक रेशन दुकानावर मोठ्या अक्षरांत लागावेत. आणि मराठी तथ्यपत्रक खरोखर दिले जाते की नाही, याची विचारणा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत होऊन ती इतिवृत्तात नोंदली जावी.

मनुष्यबळाची अडचण सांगितली जाईल म्हणून आधीच लिहितो. सावेडीत निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक आणि लेखापाल यांची वाण नाही, आणि हिशेब लिहून देण्याच्या कामाला मोबदला न घेता बसावयास त्यांपैकी कित्येक तयार होतील. मी स्वतः दर आठवड्याला येईन. टेबल आणि खुर्च्या आम्ही आणू. आपल्याकडून एक खोली, एक कारकून आणि आपल्या सहीचा एक हुकूम हवा आहे. तो हुकूम येत्या महिन्यात निघावा, ही विनंती.

आपला,
सावेडीतील एक रहिवासी